वेदनेपासून विद्येपर्यंत
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बारावीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घरी आलेल्या पाहुण्याने "तू डॉक्टर का होणार?" असे विचारले, तर बहुधा ठरलेली उत्तरे मिळतात. कुणाचे आईवडील डॉक्टर असतात, कुणाला गुण उत्तम मिळालेले असतात, तर कुणी "समाजसेवा करायची आहे" एवढे सांगून मोकळे होते. आपल्याकडील प्रवेशपरीक्षा तर हा प्रश्न विचारीतच नाही. 'नीट' परीक्षेच्या ७२० गुणांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे ज्ञान मोजले जाते. उमेदवाराला कोणत्या अनुभवाने या विद्येकडे आणले, यासाठी तेथे एकही गुण राखून ठेवलेला नाही. इंग्लंड-अमेरिकेत अर्जासोबत स्वतःविषयीचे निवेदन लिहावे लागते. अर्थात तसे निवेदन शिकवणी लावूनही लिहिता येते. तेव्हा केवळ प्रश्न विचारला म्हणजे खरे उत्तर मिळतेच, असेही नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच, फारसा न विचारला जाणारा प्रश्न आहे. स्वतःच्या आयुष्यातील एखादा अनुभव माणसाला वैद्यकाच्या अभ्यासाकडे कसा नेतो? आणि तसाच अनुभव वाट्याला आलेली शेकडो माणसे तिकडे का जात नाहीत? उत्तर शोधण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. १८५८, १८६४ आणि १८६५ या वर्षी जन्मलेल्या तीन मराठी स्त्रियांची चरित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पंडिता रमाबाई, डॉ. रखमाबाई आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांची नावे मराठी वाचकाला नवी नाहीत, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी तर १९६८ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात आहे. परंतु "पहिली स्त्री डॉक्टर" या बिरुदाच्या झगमगाटात, या स्त्रियांना डॉक्टर व्हावेसे वाटले तरी का, हा मूळ प्रश्न पुष्कळदा मागे पडतो.

यांपैकी वयाने सर्वांत लहान असलेल्या आनंदीबाईंपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. कल्याणचे जोशी हे तिचे घराणे. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या आणि बिजवर असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय उपचार मिळते तर मूल वाचले असते, ही जाणीव तिच्या मनात तेव्हापासून घर करून राहिली, असे चरित्रकार सांगतात.

त्या काळी अशी घटना घरोघर घडत असे. बाळंतिणीची खोली अंधारी असे, बाळंतपण सुईणीच्या हाती असे, आणि पुरुष डॉक्टर गावात असला तरी त्याच्यापुढे स्त्रीने तपासणीसाठी जाणे घरच्यांना आणि स्वतः त्या स्त्रीलाही मान्य नसे. मूल गेले की आयाबाया समजूत घालीत, प्राक्तन म्हणून दुःख गिळले जाई, आणि पुढचे बाळंतपण येई. आनंदीबाईंच्या दुःखात म्हणून काही अपूर्व होते, असे म्हणता येत नाही. अपूर्व होते ते त्या दुःखाचे पुढे जे झाले ते.

गोपाळरावांनी कोल्हापूरहून अमेरिकेतील एका मिशनरी गृहस्थांना पत्नीच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले होते. त्या गृहस्थांनी ते आपल्या नियतकालिकात छापले आणि सोबत धर्मांतराची सूचनाही केली. गोपाळरावांच्या दृष्टीने प्रकरण तेथेच संपले होते. पण न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई एके दिवशी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. ओळख ना देख अशा एका हिंदू मुलीला त्यांनी पत्र लिहिले. उत्तर आले, पुन्हा पत्र गेले, आणि काही वर्षांच्या या पत्रव्यवहारातून आनंदीबाईंना एक 'मावशी' मिळाली. पुढे याच मावशींच्या घरी त्या अमेरिकेत उतरल्या.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष होते. अमेरिकेलाच का, येथे शिकण्याची सोय नाही का, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, अशा लोकांच्या शंका त्यांनी एकेक करून घेतल्या आणि प्रत्येकीला उत्तर दिले. या देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि ती पुरी करण्यासाठी आपण जात आहोत, हे त्यांच्या बोलण्याचे सार होते. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी तेथे निक्षून सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी पतीला मागे ठेवून त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले.

अमेरिकेत पोहोचल्यावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांना त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले. आज परदेशी विद्यार्थ्यांकडून मागितले जाणारे निवेदन म्हणजे याच जातीचा मजकूर. आपली पूर्वतयारी कदाचित नियमांत पुरती बसणार नाही, हे त्या मोकळेपणाने मान्य करतात. पण आप्तेष्ट आणि जात यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इथवर आलो, तोच निश्चय अभ्यासातही उपयोगी पडेल, असे त्या सांगतात. आणि येण्याचे कारण? पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळावी, हे ते कारण. येथे लक्ष द्यावे असे काही आहे. कारण सांगताना आनंदीबाई आपल्या दहा दिवसांच्या बाळाचा उल्लेख करीत नाहीत. चार वर्षांत त्या दुःखाचे वचन बदलले होते. 'माझे बाळ' या एकवचनातून 'माझ्या भगिनी' या अनेकवचनापर्यंत ते येऊन पोहोचले होते. अनुभव आणि प्रेरणा यांत जो फरक असतो, तो हाच असावा.

या कथेची दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. गोपाळरावांच्या हट्टामुळेच आनंदीबाई शिकल्या, हे खरे; परंतु तो हट्ट नेहमी मायेचाच होता असे नाही. लहान वयात आपण त्यांच्या हातचा मार कसा सोसला, याची आठवण अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात खुद्द आनंदीबाईंनीच करून दिलेली आहे. अक्षरओळख करून देणारा आणि त्यासाठी हात उगारणारा माणूस एकच होता. म्हणून "पतीच्या पाठिंब्याने डॉक्टर झाली" असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे, हा त्या मुलीवर अन्याय आहे. दुसऱ्याने लादलेली गोष्ट तिने कष्टाने स्वतःची करून घेतली आणि तसे करण्याचे बळ तिला स्वतःच्या दुःखातून मिळाले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या खोलीत त्यांचे मूल गेले, त्याच खोलीत त्यांनी अभ्यासाचा दिवा नेला होता. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. परंतु परदेशात क्षयाने त्यांना गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला तेव्हा महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या त्या पदाचा कारभार त्यांच्या हातून एक दिवसही झाला नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता, पण त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. आनंदीबाईंचे आजारपण या दोन तारखांच्या मधल्या अंधारात सापडले. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.

रखमाबाईंचा अनुभव याहून अगदी निराळा. त्यांच्या बाबतीत आजार नव्हता, मृत्यू नव्हता. होते ते न्यायालय. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या नांदावयास न जाता माहेरीच राहिल्या. आईचे दुसरे पती डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत. ते वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते. या घरात राहून, मिशनच्या एका ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आधारे, रखमाबाईंनी आपला अभ्यास चालू ठेवला. शाळा सुटलेल्या मुलीच्या हाती ग्रंथालयाचे पुस्तक कसे पडते आणि पुढे त्याचे काय होते, याचे हे उदाहरण ग्रंथालयाच्या शताब्दीत आवर्जून आठवावे असे आहे.

१८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. कळत्या वयात ज्या लग्नाला आपण संमती दिली नाही, ते आपल्यावर बंधनकारक का मानावे, हा रखमाबाईंचा सवाल होता. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले: पतीकडे नांदायला जावे किंवा सहा महिने कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. 'एक हिंदू स्त्री' या सहीने इंग्रजी वृत्तपत्रात छापून आलेल्या त्यांच्या पत्रांनी आणि या खटल्याने उठलेल्या वादळाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याशी जवळचा संबंध आहे.

खटल्यातून सुटलेली तरुणी वकील व्हायला निघती, तर ते ओघानेच आले असते. रखमाबाई वैद्यकाकडे वळल्या. घरातील वातावरण त्यास अनुकूल होते. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना धीर दिला. या बाईंनी स्वतः एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणाचा हक्क मिळवण्यासाठी झगडा केला होता. परदेशी शिक्षणासाठी निधी जमला आणि त्यात इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिल्याची नोंद आहे. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ साली परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात सेवा करून १९२९-३० च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या. बडोद्याच्या मराठी माणसाने हे ध्यानी घ्यावे, की रखमाबाईंची वैद्यकीय कारकीर्द मुंबई-पुण्यात नव्हे, तर याच गुजरातेत, सुमारे पस्तीस वर्षे चालली.

स्वतःच्या देहावर आपला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने रखमाबाईंच्या बाबतीत विचारला आणि त्याचे उत्तर त्यांच्याविरुद्ध दिले. तोच प्रश्न पडद्याआडच्या हजारो स्त्रियांपुढे रोज, आजारपणाच्या रूपाने उभा होता. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, रखमाबाईंनी पडदापद्धती नाहीशी करण्याची गरज सांगणारी पुस्तिका लिहिली. कोर्टात हरलेली बाजू त्या रुग्णालयात शांतपणे लढवीत राहिल्या होत्या, हे त्यावरून दिसते.

तिसरे उदाहरण डॉक्टर होऊ न शकलेल्या विद्यार्थिनीचे आहे, आणि म्हणूनच ते महत्त्वाचे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, मग भाऊ गेला, आणि विवाहाला दोन वर्षे होण्याच्या आत, १८८२ साली, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी तान्ही मुलगी होती. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे पुण्यात दिलेल्या साक्षीत त्यांनी स्त्री-डॉक्टरांची गरज ठासून मांडली. १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. परंतु वाढत्या बहिरेपणामुळे ते दार बंद झाले.

प्रेरणा खरी होती, अनुभव दारुण होता, बुद्धी असामान्य होती. तरीही प्रवेश मिळाला नाही. पण पुढे काय झाले? १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियास उपस्थित होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती आनंदीबाईंना प्रवेश देणाऱ्या रेचेल बॉडलींनी. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन उघडले. दुःख तेच राहिले, फक्त त्याने दुसरे काम शोधले. प्रवेशयादीत नाव न लागल्यामुळे आपले आयुष्यच संपले असे मानणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना रमाबाईंच्या चरित्राचा हा भाग कुणीतरी सांगायला हवा.

डॉक्टरांच्याच घरात जन्मलेल्या मुलांचे काय, अशी शंका कुणाच्या मनात येईल. त्यांना घराण्याची परंपरा पुरते. वेगळा अनुभव कशाला हवा? यासाठी मराठी मुलखाबाहेरचे एक उदाहरण घ्यावे लागेल. आयडा स्कडर यांचे आजोबा आणि वडील दोघेही तमिळ प्रदेशात काम केलेले मिशनरी डॉक्टर. या मुलीला मात्र या कशातच रस नव्हता. आईच्या आजारपणासाठी ती अमेरिकेहून परत आली असताना एका रात्री तीन पुरुष, एक ब्राह्मण, एक मुसलमान व आणखी एक हिंदू, एकामागून एक दाराशी आले. तिघांच्याही बायका प्रसूतीत अडलेल्या होत्या, आणि तिघांनाही पुरुष डॉक्टर नको होता. शिक्षण नसलेली मुलगी काय करणार? सकाळपर्यंत त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. १८९९ साली पदवी घेऊन आयडा परत आल्या, १९०२ साली त्यांनी वेल्लोरला रुग्णालय उघडले आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय विद्यालय. घरात पिढीजात असलेली विद्यासुद्धा स्वतःच्या अनुभवाने पुन्हा मिळवावी लागते, ती वारसाहक्काने येत नाही, हे या रात्रीने दाखवले.

बंधुभगिनींनो, या चारही चरित्रांत काही गोष्टी समान दिसतात. पहिली ही, की अनुभव एकट्याचा होता, पण तो एकट्यापुरता राहिला नाही. "माझ्यावर अशी वेळ का आली?" हा प्रश्न प्रत्येक दुःखी माणूस विचारतो. "अशी वेळ आणखी किती जणांवर येते?" हा प्रश्न थोडे विचारतात, आणि विद्येची वाट या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

दुसरी गोष्ट, वेदना दाराशी आणून सोडते; आतली वाट अभ्यासानेच चालावी लागते. मूल गमावल्याचे दुःख शरीररचनेची परीक्षा सोपी करीत नाही. उलट, दुःखातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे एक धोका असतो. प्रत्येक रुग्णात तो आपले गेलेले माणूस पाहू लागतो, आणि प्रत्येक रुग्ण काही वाचत नाही. ज्याला हे सोसायचे आहे, त्याने आपले दुःख हळूहळू बाजूला ठेवून समोरच्याचे दुःख पाहायला शिकले पाहिजे. ज्याच्या वाट्याला असे दुःख आलेच नाही, त्याने स्वतःला कमी लेखण्याचेही कारण नाही. दुसऱ्याचे दुःख लक्षपूर्वक ऐकणे हाही अनुभवच आहे.

तिसरी गोष्ट या वास्तूशी संबंधित आहे. आनंदीबाईंचा मार्ग एका नियतकालिकात छापलेल्या पत्रामुळे उघडला. रखमाबाईंचा अभ्यास ग्रंथालयाच्या पुस्तकांवर चालला. डॉक्टरकी हुकलेल्या रमाबाईंनी आपले म्हणणे पुस्तकातूनच जगापुढे मांडले. कोंडलेल्या दुःखाला आपल्यासारखी आणखी माणसे आहेत, याची वार्ता छापील अक्षराने दिली. दंतवैद्याच्या दवाखान्यात तो अंक कुणी ठेवला, हे कुणालाही ठाऊक नाही. आणि ठेवणाऱ्यालाही आपण काय केले, हे कधी कळले नसेल. ग्रंथालयात पुस्तके मांडणाऱ्या, जुनी बांधून घेणाऱ्या आणि वर्गणी देऊन ती टिकवणाऱ्या माणसांचे काम याच स्वरूपाचे असते.

तेव्हा घरातल्या मुलाने वा मुलीने डॉक्टर व्हायचे म्हटले, तर गुणांची चौकशी करण्याआधी, "तुला हे का वाटले?" असे एकदा निवांतपणे विचारावे. उत्तर अडखळत येईल. कदाचित आजीच्या शेवटच्या आजारपणाविषयी असेल, कदाचित शेजारच्या घरात पाहिलेल्या प्रसंगाविषयी असेल. ते पुरते ऐकून घ्यावे, आणि मग त्याच्या हाती एक चांगले चरित्र ठेवावे. पुढचा अभ्यास त्याचा त्यालाच करायचा आहे.